चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीस नव्हे

२०१४च्या नोव्हेंबरात नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्वाची माणसं पाहणी करत फिरत होती. एका जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली रायफल त्यांना दिसली. 'आलोच हं' म्हणून कुणी छत्री भिंतीला टेकवून जावं, तशी. दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं, लाकूड उन्हाने पांढरं पडून चिरलेलं, लोखंडावर गंजाचा थर. नंबरावरून कळलं की ही विंचेस्टर कंपनीची १८७३ मॉडेलची रायफल, १८८२ साली बनलेली. ती कुणाची होती, आणि तो माणूस परत का आला नाही, याचा काही पत्ता लागला नाही.

बातमी तेव्हा जगभर फिरली. मला मात्र त्यातला नंतर आलेला एक तपशील जास्त आवडतो. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या शस्त्रसंग्रहालयाने रायफलीचा एक्स-रे काढला, तेव्हा दस्त्याच्या आतल्या पोकळीत एक न उडवलेलं काडतूस दिसलं. ही पोकळी खरं तर नळी साफ करायची सळई ठेवायला असते. काडतूस युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीचं होतं, १८८७ ते १९११ या काळात कधीतरी बनलेलं. म्हणजे रायफल एका कंपनीची, काडतूस दुसऱ्या कंपनीचं आणि रायफलीपेक्षा किमान पाच वर्षांनी धाकटं. मालकाने ते जपून ठेवलं होतं, म्हणजे ते आपल्या रायफलीत बसेल असा त्याचा भरवसा होता.

हा भरवसा कुठून येतो? मी वाढले खडकीत. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि बाबा तिथे गेज तपासायच्या खात्यात होते. त्यांच्या लेखी उत्तर सोपं होतं. बंदूक एकीकडे बनते, काडतूस दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच ड्रॉइंगला बांधलेली असतात. गेज आत गेलं तर माल पास, नाही गेलं तर भंगार. मीही पुढे मोजमापाच्याच धंद्यात शिरले, अमेरिकेत आले, आणि यूटामध्ये शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा अशी वस्तू पाहिली की जिचं ड्रॉइंग म्हणजे ती स्वतःच.

ती होती त्यांच्या वडिलांची विंचेस्टर १८९२. खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत. वेस्टर्न सिनेमात असते तीच. कॅलिबर .४४-४०. आजोबांना नातवाच्या हातून ती एकदा उडवून घ्यायची होती. ओळखीच्या एकाने घरी भरलेली काडतुसं त्यांनी आणली. पहिलंच काडतूस चेंबरमध्ये पाऊण गेलं आणि अडकलं. लिव्हर जोर लावून मिटवता आली असती. आजोबांनी ती मिटवली नाही. माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच. चेंबरच्या भिंतीने पुंगळीचं तोंड गोळीवर घट्ट दाबलेलं असेल, तर गोळी सहज सुटत नाही आणि मागचा दाब भलताच चढतो.

आता थोडं मागे जाऊ. घरी काडतूस भरायचा प्रकार या रायफलींच्या जन्मापासूनचा आहे. त्यांची आजी म्हणजे १८६०ची हेन्री रायफल. तिच्या तांब्याच्या काडतुसात पेटवायचा मसाला कडेच्या काठातच भरलेला असे. घोडा आदळला की काठ चेपायचा आणि पुंगळी वाया. १८७३च्या मॉडेलसोबत मधोमध प्राइमर बसवलेलं काडतूस आलं. जळलेला प्राइमर ठोकून काढा, नवा बसवा, दारू भरा, शिशाची गोळी बसवा, पुंगळी पुन्हा तयार. विंचेस्टरने त्यासाठी सांडशीसारखी हत्यारंही विकायला काढली. दुकानापासून कित्येक मैल लांब राहणाऱ्याला हे परवडायचं: शिसं चुलीवर वितळतं, दारूचा डबा वर्षभर पुरतो, पितळ फुकट. १८७८ पासून कोल्टचं रिव्हॉल्व्हरही याच काडतुसात मिळू लागलं. कमरेला आणि खोगिराला एकच दाणागोटा.

.४४-४० यातला दुसरा आकडा दारूचा, ४० ग्रेन. पहिला गोळीच्या व्यासाचा असावा अशी आपली समजूत. पण गोळी इंचाच्या ४४ शतांश नसतेच, ती साधारण .४२७ इंच असते. तिचं धाकटं भावंड .३८-४० तर आणखी मजेशीर, त्याची गोळी .४० इंचाची. टी-शर्टवरच्या 'लार्ज'वर जेवढा विश्वास ठेवावा, तेवढाच या आकड्यांवर. अमेरिकी उत्पादकांनी मापं एका छत्राखाली आणणारी 'सामी' ही संस्था काढली ती १९२६ मध्ये. तोवरच्या नळ्यांच्या आतली मापं .४२५ पासून .४३०च्या आसपासपर्यंत कुठेही सापडतात. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला 'थाऊ' म्हणतात. इथे पाच थाऊंची भानगड आहे, आणि पाच थाऊ म्हणजे बाबांच्या खात्यात अख्खा लॉट परत.

मग आम्ही मोजायला बसलो. नळीचं माप घ्यायची रीत जुनीच आहे. नळीपेक्षा किंचित मोठा मऊ शिशाचा गोळा तेल लावून, सळईने हलकेच ठोकत आरपार काढायचा. आतल्या खाचा त्याच्यावर उमटतात आणि मग मायक्रोमीटर लावायचा. आकडा आला .४२९.

चेंबरसाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. तो नव्वद अंशांच्या आतच वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा थंड. चेंबरमध्ये ओतला की गोठताना आधी आकसतो, म्हणून सुटून बाहेर येतो. मग हळूहळू फुगतो आणि तासाभराने चेंबरच्या मापावर येतो. घड्याळ लावून मोजावं लागतं, उशीर केला तर तो आणखी फुगून खोटं बोलायला लागतो. मला हा प्रकार इतका आवडला की मी तो दोनदा केला.

आजोबांची युक्ती याहून सोपी होती. त्याच रायफलीतून पूर्वी उडवलेली एक पुंगळी त्यांच्याकडे होती. दारू पेटते तेव्हा पितळ फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटतं आणि सुटताना जवळजवळ तोच आकार घेऊन येतं. मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये गवताला आग लागून जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत तिथे उत्खनन झालं, तेव्हा पुरातत्त्वज्ञ हेच पितळ वाचत होते. १८७६च्या जूनमध्ये कस्टरच्या सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या कार्बाइन होत्या, समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी काहींकडे हेन्री आणि विंचेस्टर. पुंगळ्यांवरच्या घोड्याच्या खुणा ताडून पाहत, एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हेसुद्धा त्यांनी मांडून दाखवलं. पुंगळी आपली बंदूक विसरत नाही.

तर त्या जुन्या पुंगळीच्या तोंडात आजोबांनी नवी गोळी सोडून पाहिली. ती .४२९ची होती, आत गेलीच नाही. .४२७ची टुपकन पडली. घोळ उघडा पडला. भरणाऱ्याने नळी मोजली होती आणि नळीला योग्य गोळी निवडली होती. पण या रायफलीचं चेंबर .४२७च्या गोळीसाठी कापलेलं होतं. नळीला बसेल ती गोळी चेंबरात जाईना, आणि चेंबरात जाईल ती नळीत सैल. सैल गोळीच्या कडेने गरम वायू निसटतो, शिसं नळीला चिकटतं आणि नेम कुठल्या कुठे जातो.

रायफल शंभर वर्षं हरणं मारत होती, तर हा घोळ जुन्या लोकांना नव्हता का? होता. पण त्यांच्या दारूने तो सोडवलेला होता. काळी दारू एकदम झटका देते, आणि मऊ शिशाची गोळी बुडातून चेपून रुंद होत नळी भरून टाकते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू बनवली. १८९५ मध्ये ती .३०-३०च्या रूपाने विंचेस्टरच्या लिव्हर रायफलीत आली आणि घरी काडतुसं भरणाऱ्यांचं सगळं गणित बदललं. काळी दारू पुंगळी गच्च भरून घालायची असते. चूक व्हायला जागाच नाही. बिनधुराची मात्र थोडीशीच लागते. गच्च भरली तर रायफल फुटते, आणि चुकून दोनदा घातली तरी पुंगळीत ती दिसतही नाही. गोळीखाली पोकळी राहते ती वेगळीच. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक उभी असतात, स्प्रिंगच्या दाबाने गोळी त्या पोकळीत मागे सरकू शकते. (गोळीचं टोक चपटं का, याचं उत्तरही याच रांगेत आहे. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर टेकली तर काय होईल ते सांगायला नको.) जुन्या साच्यांतल्या गोळ्यांना पुंगळीची कड मुरडून अडकवायला खाचसुद्धा नव्हती, कारण खालची दारूच गोळीला धरून ठेवायची.

कंपनीला आपल्या गिऱ्हाइकाची सवय ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .३२ स्पेशल हे काडतूस आणताना, ते घरी काळ्या दारूने भरलं तरी चालेल हे तिने मुद्दाम सांगितलं. त्याच सुमारास .४४-४०ची जोरकस काडतुसंही निघाली, १८९२च्या मजबूत रायफलीसाठी. १८७३च्या जुन्या सांध्यांत ती घालू नका, अशी सूचना खोक्यावर असे. पण काडतूस दोघींच्या चेंबरात सारखंच बसायचं, आणि खोकं हरवतं.

आजोबांनी ती आणलेली सगळी काडतुसं सुटी केली. दोन संध्याकाळ गेल्या. मग मऊ शिसं वितळवलं, जुन्या साच्यात .४२७च्या गोळ्या ओतल्या आणि पुंगळ्या काळ्या दारूने भरल्या. मला पितळाची तोंडं सरळ करायचं काम मिळालं. या काडतुसाची कड कागदासारखी पातळ, जरा तिरकी गेली की चुरगळते. पहिल्या वीसांतली मी तीन वाया घालवली. नंतर प्रत्येक तयार काडतूस नळी जमिनीकडे करून, घोडा न लावता, नुसतं चेंबरात टाकून पाहिलं. सगळी स्वतःच्या वजनाने आत गेली.

रविवारी नातवाने दहा उडवली. आठ लागली, दोन कुठे गेली कळलं नाही, कारण समोर धूरच धूर होता. काळ्या दारूची राख पाणी धरते आणि रात्रीत लोखंड खाते, म्हणून घरी येऊन लगेच कढत पाणी नळीतून ओतलं. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काळं पाणी, आणि लक्ष्मीपूजनानंतरच्या सकाळी खडकीच्या आमच्या चाळीच्या अंगणात यायचा तोच वास. आजी दार उघडून म्हणाल्या, हे पुढच्या वेळी बाहेर करा.