लिव्हरचा जुना आजार आणि जिवाणूंचं इन्फेक्शन : घरच्यांनी काय ओळखावं

किन्हवली, शहापूर, मुरबाडकडे ‘कावीळ’ हा एकच शब्द बऱ्याच आजारांना लावला जातो. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत उतरते. हिपॅटायटिस बी किंवा सी मात्र वर्षानुवर्षे अंगात राहू शकतो. त्यातून काहींचं लिव्हर कडक होतं, म्हणजे सिरॉसिस होतो, आणि पोटात पाणी भरतं. अशा माणसाची तब्येत अचानक कोसळते तेव्हा त्यामागे बऱ्याचदा जिवाणूंचं इन्फेक्शन असतं.

आतड्यातून येणारं रक्त लिव्हरमध्ये गाळलं जातं, तिथल्या पेशी जिवाणू पकडतात. लिव्हर कडक झालं की बरंचसं रक्त आडवाटेने निघून जातं. मग ई. कोलाय, क्लेबसिएला असे आतड्यातले जिवाणू पोटातल्या पाण्यापर्यंत पोहोचतात. ताप येईलच असं नाही. पोट थोडं दुखतं, लघवी कमी होते, किंवा माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलू लागतो. ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अशा वेळी दम करून रात्र काढली जाते. दुआ जरूर करा, पण गाडी काढून!

सुईने पोटातलं थोडं पाणी काढून तपासतात. एका घनमिलिमीटरमध्ये 250 किंवा जास्त न्यूट्रोफिल पेशी सापडल्या तर कल्चरच्या रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात, बरोबर बहुधा अल्ब्युमिनही देतात. उशीर झाला तर किडनी बंद पडू शकते. म्हणून 108 ला फोन करून मोठा दवाखाना गाठावा आणि ‘याला लिव्हरचा आजार आहे’ हे पहिल्यांदा सांगावं.

भातलावणीच्या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो. चिखलात उंदरांच्या, गुरांच्या मुतातून लेप्टोचे जिवाणू येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, मग पिवळे. जुना हिपॅटायटिस उलटला असं समजून झाडपाला सुरू केला तर औषधाची वेळ निघून जाते. पाय सुजलेले असतील तर त्या माणसाने अनवाणी शेतात उतरूच नये.

अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन मेडिकलमधून आणून देऊ नका, सिरॉसिसमध्ये त्याने किडनीला धक्का बसतो. टीबी निघाला तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधं लिव्हरवर ताण देतात. ती स्वतःहून बंद करू नयेत, पण हिपॅटायटिसची गोष्ट डॉक्टरांपासून लपवूही नये.

पोटात पाणी असलेल्या रुग्णाने रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आजाऱ्याला शरियतने सवलत दिलेली आहे, कजा आणि फिदियाचं मौलानांना विचारता येईल. हिजामा करताना दुसऱ्यावर वापरलेलं ब्लेड अंगाला लावू देऊ नये, बी आणि सी दोन्ही त्यातून पसरतात. सिरॉसिसवाल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिजामा करूच नये, असं आम्हाला वाटतं.

घरात एकाला बी असेल तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं, ज्यांना नाही त्यांनी लस घ्यावी. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत आहेत.