फाशीचा दोर आणि जन्माचा शिक्का

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली कायदा रद्द झाला. पोलिसी मनातून तो गेला नाही. चांदूर रेल्वेच्या परिसरातील पारधी बेड्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. चोरी गावात होते, जीप बेड्यावर येते.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका गरीब कुटुंबातील पाच माणसे मारली गेली. पकडले गेले भटक्या जमातीतील सहा जण. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहाही जणांना फाशी सुनावली आणि त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांच्या तुरुंगाची भरपाई प्रत्येकी ५ लाख रुपये! मेलेल्यांना तर न्याय मिळालाच नाही.

खैरलांजीनंतर आपणही फाशीच मागितली. तो संताप न्याय्य होता. परंतु ३ जून १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते, हे विसरता येणार नाही. दोर मागताना तो कोणाच्या हातात जातो आणि कोणाच्या गळ्यापर्यंत सहज पोहोचतो, हे चळवळीने आधी पाहावे.