अपहरणाचा गुन्हा : आरोप, पुरावा आणि बचाव

मालवण परिसरातील सतरा वर्षांची एखादी मुलगी सायंकाळी महाविद्यालयातून घरी परतत नाही. नातेवाइकांकडे शोध होतो, कुडाळ आणि कणकवली रेल्वे स्थानकांवर चौकशी होते आणि रात्री वडील पोलिस ठाणे गाठतात. दुसऱ्या दिवशी ‘अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा’ अशी बातमी येते. ती एका तरुणासोबत गेल्याचे समजताच पोलिस त्याच्या दारात उभे राहतात. अशा वेळी दोन्ही घरांना कायद्याची नेमकी माहिती नसते आणि घाईत घेतलेले निर्णय पुढे महागात पडतात.

बेपत्ता मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलन प्रकरणात दिला. त्यामुळे रागावून घर सोडलेल्या मुलाच्या बाबतीतही हाच गुन्हा दाखल होतो. गुन्हा दाखल होणे ही तपासाची सुरुवात असते; कोणी दोषी ठरल्याचा तो निवाडा नव्हे.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यापूर्वीच्या घटनांना मात्र जुनी भारतीय दंड संहिताच लागू होते. नव्या संहितेच्या कलम १३७ नुसार अठरा वर्षांखालील मुलास, पालकांच्या संमतीविना, त्यांच्या कायदेशीर ताब्यातून नेणे किंवा फूस लावून पळविणे हा गुन्हा असून, त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे. जुन्या कायद्यात मुलग्यांसाठी ही मर्यादा सोळा वर्षे होती. सज्ञान व्यक्तीला बळजबरीने किंवा फसवून नेणे हा प्रकार कलम १३८ मध्ये येतो.

उद्देशानुसार शिक्षा वाढत जाते. विवाहाची सक्ती करण्यासाठी स्त्रीला पळविल्यास कलम ८७ नुसार दहा वर्षांपर्यंत, भीक मागायला लावण्यासाठी मूल पळविल्यास कलम १३९ नुसार किमान दहा वर्षे, तर खंडणीसाठी अपहरण केल्यास कलम १४० नुसार जन्मठेप किंवा मृत्युदंडही होऊ शकतो. शारीरिक संबंधाचा आरोप असल्यास ‘पॉक्सो’ कायदाही लागतो आणि प्रकरण अधिक गंभीर होते.

गंभीरतेच्या टोकाचे उदाहरण शेजारच्या कोल्हापूरचे आहे. लहान मुले पळवून त्यांचा चोऱ्यांसाठी वापर करणे आणि नंतर त्यांच्या हत्या, या १९९६ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावरील विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली.

खटला कशावर ठरतो?

पहिला मुद्दा वयाचा. ‘ती स्वखुशीने आली’ हा बचाव मुलगी अल्पवयीन असल्यास चालत नाही. तेथे संमती पालकांची लागते. ‘तिने वय अठरा सांगितले होते’ हा खुलासाही सहसा टिकत नाही. म्हणून वयाचा पुरावा निर्णायक ठरतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये त्याचा क्रम दिला आहे : प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. केवळ शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

दुसरा मुद्दा ‘नेणे’ या शब्दाचा. एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये आरोपीची निर्दोष मुक्तता केली. त्या प्रकरणातील मुलगी सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावर होती आणि समजून-उमजून स्वतः घर सोडून आली होती. तिला सोबत येऊ देणे म्हणजे ‘नेणे’ नव्हे, असे न्यायालय म्हणाले. मात्र आधीपासून आमिष दाखविल्याचे किंवा जाण्यास प्रवृत्त केल्याचे दिसले, तर हा बचाव उभा राहत नाही.

मुलाच्या ताब्यावरून पती-पत्नीत वाद असतो तेव्हाही हा आरोप होतो. न्यायालयाची मनाई नसताना नैसर्गिक पालक असलेल्या पित्याने मूल नेल्यास तो अपहरणाचा गुन्हा ठरत नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले आहे.

खंडणीच्या आरोपात नुसते पळविणे आणि पैसे मागणे सिद्ध होऊन भागत नाही. जिवाची धमकी किंवा तशी रास्त भीती वाटावी असे वर्तनही सिद्ध व्हावे लागते. ते न झाल्याने २०२१ मध्ये शेख अहमद विरुद्ध तेलंगणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची जन्मठेप रद्द केली. साध्या अपहरणासाठी मात्र सात वर्षांची शिक्षा दिली.

आरोप झाल्यास काय करावे?

केवळ कलम १३७ असल्यास गुन्हा जामीनपात्र आहे. इतर गंभीर कलमे लागली असतील, तर ओरोस येथील सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो. उच्च न्यायालयाच्या कामासाठी सिंधुदुर्गवासीयांना पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

अटक झाल्यास तिची कारणे समजेल अशा भाषेत लेखी मिळणे, वकिलाचा सल्ला घेणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे हे आरोपीचे हक्क आहेत. संदेश, दूरध्वनीच्या नोंदी, प्रवासाची तिकिटे जपून ठेवावीत. मोबाईलमधील मजकूर पुसणे, फरार होणे किंवा मुलीच्या घरच्यांवर दबाव आणणे यांमुळे बचाव दुबळा होतो आणि जामीनही अडतो. मुलगी बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात असली, तरी तिला तातडीने पोलिसांसमोर किंवा पालकांकडे सुखरूप पोहोचविणे हेच सर्वांच्या हिताचे. तिचा दंडाधिकाऱ्यांसमोरील जबाब खटल्यात महत्त्वाचा ठरतो.

वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतील व्यक्ती, महिला आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. मूल बेपत्ता झाल्यास पालकांनी ‘उद्या बघू’ म्हणून थांबू नये. ११२ किंवा १०९८ वर लगेच कळवावे आणि वयाचा दाखला सोबत घेऊन पोलिस ठाण्यात जावे.