दंडाची पट

मराठेशाहीतील इनामपत्रे वाचीत असता एक शब्दावली पुन:पुन्हा भेटते. गाव किंवा गावातील जमीन इनाम देताना सरकार लिहून देते की, ही जमीन जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी व निक्षेप यांसह, हक्कदार व इनामदार खेरीजकरून, वंशपरंपरेने चालवावी. इतिहासाचा अभ्यासक बहुधा बिघे, चाहूर आणि चतु:सीमा टिपून घेतो व ही शब्दावली लेखनिकाची सवय समजून ओलांडून जातो. परंतु दगड, माती, वाळू या गौण खनिजांच्या कायद्याचा मागोवा घेणाऱ्याने येथेच थांबले पाहिजे, कारण जमिनीबरोबर तिच्यावरचा पाषाणही देत आहोत असे ज्याला स्वतंत्रपणे लिहावे लागते, त्याने तो पाषाण मुळात आपला आहे हे गृहीतच धरलेले असते. शिलाहार-यादवांच्या ताम्रपटांतही निधिनिक्षेपांचा असा उल्लेख येतो. म्हणजे पृष्ठभागावर कसणाऱ्याचा हक्क आणि तळाशी राजसत्तेचा हक्क, ही विभागणी या भूमीला इंग्रजांनी शिकविलेली नव्हे.

दंडाची कल्पना तर त्याहूनही जुनी आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात आकराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात खाणीवरच्या माणसाने माल चोरल्यास, रत्ने वगळून, त्याच्याकडून मोलाच्या आठपट वसूल करावे असे सांगितले आहे. जो अनुज्ञेवाचून खाणीवर उपजीविका करील त्याला बांधून तिच्यातच कामास लावावे, अशीही आज्ञा आहे. आजच्या महसूल अधिनियमात बाजारभावाची जी पट आपण वाचतो, तिचे हे पूर्वरूप होय. चोरलेला माल राजाच्या कोषातून गेला, सबब कोषाची भरपाई पटीने व्हावी, एवढाच त्यामागचा विचार आहे. ज्या डोंगरातून अथवा नदीतून तो गेला, तिचे काय झाले याची विचारणा त्यात नाही. ही उणीव पुढे दोन हजार वर्षे तशीच चालत आली, असे मला वाटते.

प्रत्यक्ष गावगाड्यात मात्र राजाच्या या मालकीचा काच सामान्य माणसाला फारसा नसे. कुंभार तळ्याच्या काठची चिकण माती आणी, वडार आणि बेलदार माळावरचा दगड फोडीत, घर बांधणारा ओढ्यातली वाळू आपल्या गाडीने ओढून नेई, आणि हा सारा व्यवहार रिवाजाने चाले. त्या काळच्या मातीच्या घरांना वाळू लागे ती पाट्यांनी मोजण्याइतकी, आणि एका पावसाळ्यात नदी ती भरून देई.

मुंबई इलाख्याचा १८७९ चा जमीन महसूल कायदा आला आणि रिवाजाच्या जागी कलम आले. त्याच्या ३७ व्या कलमाने रस्ते, खाड्या, नद्यांची व नाल्यांची पात्रे सरकारची ठरली, आणि ६९ व्या कलमाने खाणी व खनिज पदार्थ यांवरील सरकारचा हक्क राखून ठेवण्यात आला. परंतु तो केवळ सरकारी साऱ्याच्या, म्हणजे इनाम न दिलेल्या, जमिनींपुरता, आणि तेथेही कब्जेदाराचा पूर्वीपासून चालत आलेला हक्क अबाधित ठेवून. इनामी जमिनीला ते कलम लागू नव्हते. तेथे दगड कोणाचा, हे सनदेवरूनच पाहावे लागे. सनदेतील 'पाषाण' हा एक शब्द अशा रीतीने दप्तरातून उठून कज्जाचा विषय होण्याजोगा झाला.

याच सुमारास दगडाला पूर्वी कधी नव्हता असा भाव येत होता. मुंबईच्या भव्य इमारतींसाठी मालाड आणि कुर्ल्याचा दगड निघाला. पुढे १९२० नंतरच्या दशकात बॅकबेच्या भरावासाठी कांदिवलीचा डोंगर फोडण्यात आला. एक टेकडी समुद्रात नेऊन टाकता येते हे लोकांनी पाहिले.

स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५७ चा खाणी व खनिजे अधिनियम केला आणि इमारती दगड, खडी, साधी चिकणमाती व साधी वाळू यांना 'गौण खनिज' ही संज्ञा देऊन त्यांचे नियम करण्याचा अधिकार १५ व्या कलमाने राज्यांकडे सोपविला. लोखंड आणि मँगनीज यांच्या तुलनेत ती गौण असतीलही. परंतु ज्या वस्तूंवाचून घर, विहीर, रस्ता आणि धरण यांपैकी काहीच उभे राहत नाही, त्यांना दुय्यम लेखल्याचा परिणाम त्यांच्या रक्षणावरही झाला. महाराष्ट्रात तर मुंबई राज्याचे १९५५ चे नियम पश्चिमेकडे, विदर्भाचे १९६६ चे नियम पूर्वेकडे, अशी प्रदेशपरत्वे विभागणी राज्यस्थापनेनंतरही अर्धशतक टिकली. सबंध राज्यासाठी एकच नियमावली झाली ती २०१३ साली.

दंडाचे मुख्य शस्त्र मात्र महसूल खात्याच्या हाती राहिले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे ४८ वे कलम आणि त्यात पुढील सुधारणांनी आलेली पोटकलमे एकदा सावकाश वाचावीत अशी आहेत. सातव्या पोटकलमात चालू खाणी, सोडून दिलेल्या खाणी, जुने ढिगारे, शेते, नाले, खाड्या, नदीपात्रे अशी ठिकाणे गणता गणता मसुदाकार शेताच्या बांधापाशी येतो, आणि बांध घालण्याच्या वा दुरुस्त करण्याच्या सबबीवर माती-मुरूम नेला तरीही दंड होईल, असे मुद्दाम लिहून ठेवतो. ही सबब कोणी तरी वारंवार सांगितल्यावाचून कायद्यात शिरत नाही. परवान्यावाचून काढलेल्या मालाच्या बाजारभावाच्या तिपटीपर्यंत असलेला दंड पुढे पाचपटीपर्यंत वाढला; आठव्या पोटकलमाने वाहने व यंत्रसामग्री अटकावून ठेवण्याचा, आणि दंड व जातमुचलका घेऊन ती सोडण्याचा अधिकार आला. जानेवारी २०१८ पासून तर वाहनाच्या प्रकारावर स्वतंत्र दंड बसू लागला: ट्रॅक्टरला १ लाख, पोकलेनसारख्या यंत्राला साडेसात लाख.

हा दंड ठरतो कसा, ते नदीकाठी उभे राहून पाहिल्यावाचून कळत नाही. मंडळ अधिकारी आणि तलाठी पंच घेऊन पात्रात उतरतात, खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली टेपाने मोजतात, आणि गुणाकाराला शंभराने भागून ब्रास काढतात. कारण १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. ब्रासास बाजारभाव, त्यास पाच, त्यावर स्वामित्वधन, अशी बेरीज पंचनाम्याखाली येते. परंतु नदीतला खड्डा विहिरीसारखा स्थिर नसतो. वरच्या अंगाची वाळू घसरून तो भरत राहतो, एक पूर आला की पुरावाच वाहून जातो. मग उरते वाहन, आणि चालकापाशी सापडणारी किंवा न सापडणारी वाहतूक पावती. म्हणूनच कायद्याचे लक्ष हळूहळू उत्खननावरून वाहतुकीकडे वळले. केंद्रीय अधिनियमात १९९९ साली बेकायदा वाहतूक व साठवणूक हे स्वतंत्र अपराध झाले. २५ हजारांपर्यंतचा दंड आणि दोन वर्षांपर्यंतची कैद यांच्या जागी २०१५ साली हेक्टरी ५ लाखांपर्यंतचा दंड आणि पाच वर्षांपर्यंतची कैद आली. त्याच वर्षी महाराष्ट्राने वाळू तस्करांना झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीस बसवून स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आणले. त्याआधी, २०१४ साली, सर्वोच्च न्यायालयाने नदीतील वाळू नेणे ही दंडसंहितेखालील चोरीही ठरू शकते असा निर्वाळा दिला होता.

एवढी शस्त्रे असून ती कोणावर चालतात, हा प्रश्न राहतोच. दंड न भरल्यास तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याचा बोजा चढतो. ज्याच्यापाशी दीड एकर जमीन आणि हप्त्यावरचा एक ट्रॅक्टर आहे, त्याला हा बोजा जन्मभर पुरतो. ज्याच्या नावावर सातबाराच नाही आणि ज्याची वाहने भलत्याच्याच नावावर फिरतात, त्याला तो शिवतही नाही. दुसऱ्या टोकाला, ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने भरावासाठी वापरायची साधी मातीही गौण खनिज ठरल्यावर, इमारतीचा पाया खणणाऱ्यांनाही दंडाच्या नोटिसा गेल्या. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, आणि मातीचा उपयोग कशासाठी झाला हे पाहिल्यावाचून निव्वळ खणल्याबद्दल दंड करता येणार नाही, असा निकाल २०१४ साली लागला.

पाचपट दंडातही नदीच्या वाट्याला काही येत नाही, हे मला सर्वांत खटकते. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पुरवितो. तो खडकापर्यंत खरवडला गेला की ज्यांची विहीर आटते त्यांचे नाव पंचनाम्यात नसते. २०१२ साली दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली, तेव्हा या हानीची दखल घेतली गेली, पण ती परवाना देण्याच्या टप्प्यावर. दंडाचा हिशेब ब्रासवरच राहिला.

रिवाजाचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पारंपरिक कुंभारांना वर्षाला ५०० ब्रासपर्यंत मातीवरचे स्वामित्वधन माफ आहे. वाळूची गोष्ट अधिक वळणांची झाली: २०२३ च्या धोरणाने सरकारी आगारांतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरले, २०२५ च्या धोरणाने सरकार पुन्हा लिलावाकडे वळले, आणि त्याच धोरणात घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबाला ५ ब्रास वाळू विनामूल्य देण्याची तरतूद झाली. ज्याचा आजा ओढ्यातली वाळू कोणाला न विचारता गाडीने ओढीत असे, तो आज त्या पाच ब्रासांसाठी तहसील कचेरीत अर्ज देतो, आणि वाळू घरी नेताना वाटेत अडविले तर दाखविण्यासाठी पावती जवळ बाळगतो.