कलम चार आणि मोबाइलचा परवाना

१९९५ साली निविदांची पाकिटं उघडली, तेव्हा दूरसंचार खात्यातल्या मुरलेल्या अधिकाऱ्यांनीही शून्यं पुन्हा मोजून पाहिली असतील. घरगुती टेलिफोनसेवा खासगी कंपन्यांना देण्यासाठी देशाची सर्कलमध्ये वाटणी करून बोली मागवल्या होत्या. ‘हिमाचल फ्युचरिस्टिक’ या कंपनीची वर्षाची उलाढाल शे-दोनशे कोटींच्या घरातली. तिने इस्रायली आणि थाई भागीदार सोबत घेऊन नऊ सर्कलसाठी पंधरा वर्षांत मिळून सुमारे ८५ हजार कोटी रुपये देऊ केले.

फोनच्या बिलांतून एवढा पैसा उभा राहणं कठीण होतं. मग खात्यानेच वाट काढली: मोठ्या सर्कलपैकी तीनपेक्षा जास्त एका कंपनीला द्यायची नाहीत, असा नियम बोली उघडल्यावर आला. विरोधकांनी संसद रोखून धरली. पुढच्या वर्षी माजी दूरसंचारमंत्री सुखराम यांच्या घरांवर सीबीआयने छापे घातले आणि साडेतीन कोटींहून जास्त रोकड सापडली.

सुखराम यांच्या नावाने बोटं मोडून विषय संपत नाही. गोम कायद्यात होती. १८८५ च्या तार कायद्याच्या चौथ्या कलमाने दळणवळणाच्या तारा टाकण्याचा आणि चालवण्याचा हक्क एकट्या सरकारला दिला. त्याच कलमात पुढे सवलत होती, की सरकारला योग्य वाटतील त्या अटींवर आणि योग्य वाटेल ते मोल घेऊन हा हक्क दुसऱ्याला परवान्याने देता येईल. मक्तेदारी आणि तिची विक्री, दोन्ही एकाच कलमात. मुंबईला याचं नवल वाटायला नको होतं. १८८२ मध्ये शहरात पहिलं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते सरकारी परवाना घेतलेल्या खासगी कंपनीचं, आणि मुंबईचे टेलिफोन सरकारच्या ताब्यात गेले ते १९४३ मध्ये.

त्यानंतरची पन्नास वर्षं सरकारी फोनची. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास ताटकळायचं, घाई असेल तर जादा पैसे मोजून ‘लाइटनिंग’ लावायचा. फोन हवा तर अर्ज करून नंबराची वाट पाहायची. ऐपत असलेल्यांसाठी मोठी अनामत भरून रांगेत पुढे सरकण्याची ‘ओवायटी’ योजना होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने परिस्थितीची कबुली दिली: शंभर माणसांमागे ०.८ फोन, साधारण ८० लाख जोडण्या आणि २५ लाखांची प्रतीक्षायादी. १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन, हे त्या धोरणाचं उद्दिष्ट. त्यासाठी लागणारा पैसा सरकारकडे नव्हता, म्हणून खासगी कंपन्या हव्या होत्या. त्यांच्याकडूनच पैसे काढायचे, हा मोह मात्र आवरला नाही.

मोबाइलची सुरुवात थोडी आधीची. चार महानगरांसाठी १९९२ मध्ये निविदा निघाल्या, निवडीवरून कोर्टकज्जे झाले, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९४ मध्ये आला. त्या ‘टाटा सेल्युलर’ खटल्याचा दाखला सरकारी निविदांच्या भांडणात वकील अजून देतात. मुंबईचे परवाने हचिसन मॅक्स आणि बीपीएलला मिळाले. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे वेगळं सर्कल. तिथे बिर्ला एटी अँड टी आणि पुन्हा बीपीएल. परवान्याच्या नकाशाने मुंबई आणि पुणे अशी परकी केली, की घाट चढून गेलेल्या माणसाचा फोन रोमिंगवर जाई. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर, आणि आलेला कॉल उचलला तरी पैसे. मिस्ड कॉल देण्याची कला याच दरांनी शिकवली.

१९९९ पर्यंत कंपन्यांचं कंबरडं मोडलं. बोलीच्या भरात कबूल केलेलं वार्षिक शुल्क भरता येईना. करार म्हणजे करार, पैसे वसूल करा, असा दूरसंचारमंत्री जगमोहन यांचा आग्रह होता. जूनमध्ये त्यांचं खातं बदललं. सरकार एका मताने पडल्यानंतर काळजीवाहू असलेल्या वाजपेयी मंत्रिमंडळाने जुलैत सवलत दिली: ठरलेल्या शुल्काऐवजी महसुलातला वाटा द्या, बदल्यात सर्कलमध्ये दोनच कंपन्या असण्याची हमी सोडा. काळजीवाहू सरकारने असा निर्णय घ्यावा का, हा वाद रास्त होता. तरी निर्णय बरोबर होता. स्पर्धा वाढली, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि भाजीवाल्याच्या हातात फोन आला.

महसूल म्हणजे नेमकं काय, यावर मात्र कंपन्या आणि खातं भांडत राहिले. फोनसेवेची कमाई तेवढी मोजा, असं कंपन्यांचं म्हणणं; खातं व्याज, लाभांश, भाडंही धरायचं. दरम्यान २००८ मध्ये २००१ च्या भावाने परवाने वाटले गेले आणि त्यातले १२२ सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केले. त्याची चर्चा देशभर झाली. महसुलाच्या व्याख्येचा कंटाळवाणा वाद फारसा कुणी वाचला नाही, आणि घाव तिथेच बसला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खात्याची व्याख्या मान्य केली. मुद्दल, व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज धरून कंपन्यांकडची थकबाकी लाखभर कोटींच्या पलीकडे गेली. वीस वर्षांपूर्वीची सवलत गळ्याशी आली, आणि ती वीस वर्षं तशीच लोंबकळू देण्याचा दोष मुख्यतः खात्याचा.

हचिसन मॅक्सची पुढे हच आणि मग व्होडाफोन झाली. बीपीएलचा महाराष्ट्रातला धंदा तिनेच घेतला. बिर्ला एटी अँड टीची आयडिया झाली, आणि २०१८ मध्ये दोन्ही एक झाल्या. थकबाकी फेडता येईना तेव्हा सरकारने रोख पैशांऐवजी शेअर घेतले. एप्रिल २०२५ मध्ये व्होडाफोन आयडियातला केंद्र सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्के झाला.