मॅथ्स आणि फिजिक्स एकाच डिग्रीत: जॉइंट डिग्री म्हणजे नेमकं काय आणि फॉर्म भरण्याआधी काय तपासायचं?

मी वेरूळची. घृष्णेश्वर मंदिराच्या रस्त्यावर आमचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. कॉलेज छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे रोज एसटीने साधारण ३० किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू आहे. मेजर फिजिक्स, मायनर मॅथ्स.

प्रवेशाच्या वेळी आईने विचारलं होतं, "दोन विषय म्हणजे दोन डिग्र्या मिळतात का गं?" मी "हो, तसंच काहीतरी" म्हणून मोकळी झाले. फॉर्म भरून देणाऱ्यानेही सांगितलं की मेजर काय नि मायनर काय, दोन्ही सारखंच. दोघांचंही चुकलं होतं, आणि ते मला वर्षभराने कळलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट समजून घेऊ

गुगलवर "जॉइंट डिग्री" शोधलं की चार वेगळ्या गोष्टी एकत्र समोर येतात.

• डबल मेजर: डिग्री एकच, पण दोन विषय जवळपास सारख्या वजनाचे. परदेशात "मॅथेमॅटिक्स अँड फिजिक्स" नावाची जी डिग्री असते ती हीच. उदाहरणार्थ, इंग्लंडमधलं वॉरविक विद्यापीठ.
• मेजर-मायनर: डिग्री एकच, पण एक विषय मुख्य आणि दुसरा जोडीला. मायनरचे क्रेडिट मेजरपेक्षा बरेच कमी असतात.
• दोन डिग्र्या एकाच वेळी: यूजीसीने २०२२ पासून याला परवानगी दिली आहे. इथे अभ्यासक्रम दोन, परीक्षा दोन आणि सर्टिफिकेटही दोन.
• यूजीसीच्या भाषेतली जॉइंट डिग्री: भारतीय आणि परदेशी विद्यापीठ मिळून एक डिग्री देतात. याचा दोन विषयांशी संबंध नाही.

थोडक्यात, आपल्याला हवी असते पहिली गोष्ट आणि जवळच्या कॉलेजात बहुतेक वेळा मिळते दुसरी. फसगत इथेच होते.

क्रेडिटचं गणित

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या डिग्रीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे फिजिक्सचं दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल आणि मॅथ्सचा चार क्रेडिटचा पेपर, दोन्हीला ६० तासच जातात. लॅबचे दिवस का लांबतात ते यावरून कळेल. माझी संध्याकाळची एसटी याच लॅबमुळे चुकते.

जुन्या पद्धतीत बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असे तीन विषय बरोबरीने चालायचे. आता तसं राहिलेलं नाही. मला पुढे एम.एस्सी. मॅथ्सचा पर्यायही हवा होता. पण काही ठिकाणच्या अटी वाचल्यावर लक्षात आलं की तिथे बी.एस्सी.ला मॅथ्स मुख्य विषय किंवा त्याचे ठरावीक क्रेडिट मागतात. मायनरचे क्रेडिट तिथे पुरतीलच असं नाही.

मग दोन विषय एकत्र शिकायचे कशाला?

एक प्रयोग सांगते, घरी करून बघा. आखेन विद्यापीठाच्या लोकांनी बनवलेलं 'फायफॉक्स' हे फुकट ॲप मोबाईलवर घ्या. त्यात पेंड्युलम, म्हणजे लंबकाचा प्रयोग आहे. त्यासाठी मोबाईलमध्ये जायरोस्कोप लागतो. स्वस्त मोबाईलमध्ये तो कधी कधी नसतो. मग दोरीला दगड बांधून स्टॉपवॉच वापरा. मोबाईल टांगणार असाल तर पिशवीत घट्ट बांधा आणि खाली गादी टाका.

टांगल्या जागेपासून मोबाईलच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर ठेवा. थोडासा झोका दिला की एका पूर्ण हेलकाव्याला साधारण २ सेकंद लागतात. फिजिक्सचं सूत्र हेच सांगतं. पण पुस्तकात एक अट असते: "कोन लहान असेल तर". लहान म्हणजे किती? याचं उत्तर मॅथ्सच्या तासाला मिळतं. सूत्र काढताना कोनाची साइन आणि रेडियनमधला कोन सारखेच धरलेले असतात. १० अंशाला या दोन्हींत जेमतेम अर्धा टक्का फरक पडतो आणि हेलकाव्याच्या वेळेत तर फक्त ०.२ टक्के. ६० अंशावरून सोडलं की वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, २ सेकंदांऐवजी २.१५ सेकंद. मात्र झोका लगेच कमी होतो, म्हणून पहिला-दुसरा हेलकावाच मोजा.

फिजिक्स सूत्र वापरायला शिकवतं आणि मॅथ्स ते कुठपर्यंत चालतं हे दाखवतं. जोडीने शिकण्याचा खरा फायदा हाच.

आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर. बनारसला बी.एस्सी. करून ते केंब्रिजला गेले आणि १९५९ मध्ये तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर आले. पुढे नाव झालं ते विश्वाच्या रचनेवरच्या कामामुळे. पाया गणिताचा, प्रश्न फिजिक्सचे.

त्रास कुठे होतो?

दोन्ही विषयांचे सिलॅबस एकमेकांना विचारून बनत नाहीत. फिजिक्सला पहिल्याच वर्षी डिफरन्शियल इक्वेशन लागतं आणि मॅथ्समध्ये ते नंतर येतं. क्वांटम मेकॅनिक्सला लिनिअर अल्जेब्रा लागतो, त्याचंही तेच. म्हणून सेमिस्टर सुरू होण्याआधी दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवून बघा. जे उशिरा येणार आहे ते स्वयम किंवा एनपीटीईएलवर आधीच बघून घ्या. मी ही व्हिडिओ रात्री वायफायवर डाउनलोड करते आणि सकाळी एसटीत बघते, कारण वाटेत रेंज जाते.

खरं डबल मेजर किंवा त्याच्या जवळचं कुठे?

• चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट: बी.एस्सी. ऑनर्स, मॅथेमॅटिक्स अँड फिजिक्स. तीन वर्षं, स्वतःची प्रवेश परीक्षा.
• आयसर पुणे: पाच वर्षांचं बीएस-एमएस. प्रवेश आयसर ॲप्टिट्यूड टेस्टमधून.
• सीईबीएस, मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये: पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एम.एस्सी. प्रवेश नेस्ट परीक्षेतून.

आयसर आणि सीईबीएसमध्ये सुरुवातीला सगळी शास्त्रं शिकवतात, विषय नंतर ठरवता येतो.

फॉर्म सबमिट करण्याआधी

१. कॉलेजच्या वेबसाइटवरून तिन्ही वर्षांची क्रेडिटची रचना डाउनलोड करा. मॅथ्सचे एकूण क्रेडिट स्वतः मोजा.
२. पुढे जिथे एम.एस्सी. करायची आहे, तिथली पात्रतेची अट आजच वाचा.
३. आयआयटीच्या जॅम परीक्षेत मॅथ्स आणि फिजिक्सचे पेपर वेगळे असतात. सत्रं वेगळी असतील तर दोन्ही देता येतात. पण प्रवेशाची अट प्रत्येक संस्थेची वेगळी असते.
४. क्रेडिट कमी पडत असतील तर स्वयमचा कोर्स बघा. यूजीसीच्या नियमानुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. कॉलेजची परवानगी मात्र आधी आणि लेखी घ्या.
५. डिजिलॉकरमध्ये एबीसी आयडी काढा आणि दर सेमिस्टरला क्रेडिट जमा झाले का ते तपासा.

आमच्या गावातलं कैलास लेणं एकाच दगडात वरून खाली कोरलं आहे. चुकून जास्त दगड निघाला तर परत चिकटवायची सोय नव्हती. विषय निवडताना इतकं अवघड नसतं, पहिल्या वर्षी बरंच दुरुस्त करता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र जड जातं. मी आता स्वयमवरून मॅथ्सचे क्रेडिट भरून काढायला बसले आहे, जे फॉर्म भरताना दहा मिनिटं वाचलं असतं तर टळलं असतं.

आईला मी परवा खरं उत्तर दिलं: "डिग्री एकच असते गं, फक्त त्यात कोणता विषय किती आहे ते आधी बघायचं असतं." ती म्हणाली, "मग हे तेव्हाच का नाही बघितलंस?"

बारावीत असलेल्या मित्र-मैत्रिणींना हा लेख नक्की पाठवा.