कथेतला ‘मी’ कोणाचा?

महाविद्यालयांतून कथा शिकवताना निवेदन, प्रतीक, उपरोध, विरोध ही तंत्रे गणिताच्या सूत्रांसारखी पाठ करून घेतली जातात. परंतु तंत्रालाही इतिहास असतो, आणि आपल्या समाजात त्या इतिहासाला जातही चिकटलेली असते. प्रथमपुरुषी निवेदन, म्हणजे कथेतला ‘मी’, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ह. ना. आपटे यांनी १८९०च्या दशकात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली. ब्राह्मण घरातल्या विधवेलाच बोलते केले, की वाचकाला पळवाट उरत नाही, हे त्या ‘मी’ने दाखवून दिले. १९४१ साली श्री. म. माटे यांचे ‘उपेक्षितांचे अंतरंग’ आले. त्यामागची तळमळ खरी होती. परंतु सांगणारा स्वतः उपेक्षित नव्हता, तो पाहणारा होता. उपेक्षित हे ‘ते’ राहिले. लेखक आणि वाचक मिळून ‘आपण’ झाले.

१९६३ साली बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेने ही मांडणी उलथून टाकली. रेल्वेत कामाला लागलेला तरुण आपली जात लपवतो आणि ती हकिगत स्वतःच सांगतो. शीर्षकातच वाचकाला गुपित कळते. भोवतालच्या पात्रांना मात्र ते ठाऊक नसते. पाठ्यपुस्तके याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. इथे तो उपरोध लेखकाच्या कल्पनेतून आलेला नाही, जातिव्यवस्थेनेच तो रचून ठेवला आहे. माणूस तोच, बुद्धी तीच. जात कळेपर्यंत आदर, कळताच मार. त्याच्याशेजारी जात न लपवता झुंजणारा काशिनाथ उभा करून बागुलांनी विरोधाचे तंत्रही कामाला लावले. आणि ‘चोरली’ या क्रियापदाला तर गुन्ह्याचा वास आहे. माणूस म्हणून जगण्यासाठी ज्याला चोर व्हावे लागते, त्या समाजात खरा गुन्हेगार कोण?

नुसता ‘मी’ लिहिला म्हणजे दलित कथा झाली, असे तरुण लेखकांनी मानू नये. बागुलांचा ‘मी’ स्वतःच्या भीतीचीही झडती घेतो, म्हणून तो खरा वाटतो. आणि शिक्षकांनी तंत्रांच्या व्याख्या विचारण्याआधी वर्गात तीन प्रश्न विचारावेत: ही कथा कोण सांगतो? कोणाला सांगतो? आणि तिच्यात गप्प कोणाला बसवले आहे?